एकाच कामाचा परवाना

मी आयुष्यात एकदाच परदेशात गेलो, आणि गेलो तो सुतार म्हणून. रंधा कुठल्या बाजूने धरतात हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण तेव्हा आखातातल्या एका कामगार छावणीवर गोदाम सांभाळायला माणूस हवा होता आणि एजंटकडे शिल्लक होता तो सुताराचा व्हिसा. तो म्हणाला, कागदावर काय लिहिलंय ते बघू नका, काम बघा. मी कागद बघितला नाही. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी मात्र बघितला, आणि ऑफिसचा निखळलेला दरवाजा बसवायला मला सांगितलं. मी बसवला. तो परत उघडेना. आत दोन फोरमन होते. बाराव्या महिन्यात मी कशेळ्याला घरी होतो.

परदेशातून परत आलेला माणूस का परत आला, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. तो जाऊन आला एवढं पुरतं. त्यामुळे गेली वीस वर्षं आमच्या पंचक्रोशीचं परदेश खातं माझ्याकडे आहे. पासपोर्टचा फोटो कसा काढायचा, विमानात चपला घालून चालतात का, तिकडे पाणी कसं असतं, सगळं मला विचारतात आणि मी सगळ्याची उत्तरं देतो. माहिती नसणं ही माझी अडचण कधीच नव्हती.

सध्या मी कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर स्टोअर बघतो. मालक मुंबईत, मॅनेजर शनिवार-रविवारी, आणि मधले पाच दिवस जो काही कारभार आहे तो मी. माझं पद 'स्टोअर व किचन इनचार्ज' असं आहे, पण किचनमध्ये मला फक्त चहा मागायला जाता येतं. किचन माझ्या मेव्हणीचं. ती बायकोची धाकटी बहीण, खालापूर तालुक्यात दिलेली. नवरा खोपोलीकडे एका कारखान्यात पाळीवर जातो, मुलगी पनवेलला नर्सिंग शिकते, आणि ही आठवड्यातले सहा दिवस रिसॉर्टच्या मागच्या खोलीत राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालायची. ही नोकरी तिला मी लावली, असं मी सांगतो. भावजींनी मधे तोंड घातलं नसतं तर याच्याहून बरी लागली असती, असं ती सांगते.

गेल्या हिवाळ्यात एक मराठी जोडपं दोन दिवस राहायला आलं. त्यांची एका थंड देशात छोटी खानावळ. दोन दिवस त्यांनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी याशिवाय कशाला हात लावला नाही. निघताना दोघं किचनच्या दारात येऊन उभे राहिले आणि मेव्हणीला म्हणाले, आमच्याकडे येता का, दोन वर्षांसाठी, रीतसर परवाना काढून. तिने पिठाचे हात पुसले आणि घरी विचारून सांगते म्हणाली. घरी विचारलं. नवरा म्हणाला, जा की. मुलगी म्हणाली, गेलीच पाहिजेस. मग ती मला विचारायला आली. इथवर तिचं सगळं बरोबर चाललं होतं.

मी कामाला लागलो. परदेशात काम करायचे परवाने किती तऱ्हेचे असतात याचा मी चार दिवस मोबाईलवर अभ्यास केला आणि एका वहीत सगळं लिहून काढलं. पाचव्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर, तिला मागच्या पडवीत बसवून मी ती वही उघडली. ती वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत ऐकत होती.

पहिला हंगामी परवाना. हा तिला एका वाक्यात समजला, कारण आमच्याकडे लावणीला वाडीवरची माणसं येतात आणि लावणी संपली की आपापल्या घरी जातात. तसंच तिकडे फळं तोडायला माणसं नेतात आणि हंगाम संपला की विमानात बसवतात. तिने विचारलं, मग भाताच्या झोडणीला परत बोलावतात का? मी म्हटलं, परत नवा अर्ज. दुसरा प्रकार कंपनीतल्या बदलीचा. म्हणजे एकाच कंपनीची शाखा इकडे आणि तिकडे असेल तर इकडचा माणूस तिकडे पाठवतात. "आपली कंपनी हाय का?" ती म्हणाली. मी म्हटलं, नाही. "मग पुडं चला."

तिसरा प्रकार शिकलेल्यांचा, गुणांवर मिळणारा. वयाला गुण, पदवीला गुण, भाषेला गुण, अनुभवाला गुण. मी उत्सुकता म्हणून माझे स्वतःचे गुण काढून बघितले होते. शाळेतसुद्धा मला इतके कमी कधी पडले नव्हते, आणि जे थोडे मिळाले ते सुतारकामाचे होते.

चौथ्या प्रकारावर मी खास वेळ घेतला, कारण तो माझा आवडता होता. खुला परवाना. मी म्हटलं, हा आपल्या कर्जत-कशेळे जीपसारखा समज. वाटेल तिथे चढ, वाटेल तिथे उतर. आज या मालकाकडे, नाही पटलं तर उद्या त्या मालकाकडे. आणि मग आवाज खाली आणून, एखाद्याच्या घरातलं दुखणं सांगावं तसा पाचवा प्रकार सांगितला. बांधलेला परवाना. त्यावर मालकाचं नाव असतं, गाव असतं आणि काम असतं. तोच मालक, तीच जागा, तेच काम. दुसरं कुठलंही काम करायची मनाई.

तिचे चादरीवरचे हात थांबले. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"म्हंजे सैपाकीण लिवलं असंल तर सैपाकच?"

"सैपाकच."

"फरशी नाय?"

"नाही."

"चादरी नाय? बागेत पाणी नाय? फोन घ्यायला पळायचं नाय?"

"कायद्याने मनाई आहे ना."

"मला ह्योच पायजे," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला कळलं नाही. मी समजावून सांगितलं की मालक वाईट निघाला तर तिथून सहज हलता येत नाही, पहिल्यापासून सगळं करावं लागतं, नवा मालक, नवा अर्ज. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं होतं. तिने उरलेल्या चादरीची घडी घातली आणि म्हणाली, "इथून तरी कुटं हलता येतं, भावजी?"

तरीही मी खुल्यावरच अडून बसलो. खुला हा शब्दच ऐकायला चांगला, बांधलेला हा ऐकायला वाईट, एवढा माझा युक्तिवाद. तिला न विचारता मी त्या जोडप्याला माझ्या इंग्रजीत एक मेल लिहिली की आमच्या उमेदवार फक्त खुला परवानाच स्वीकारतील. दोन दिवसांनी खानावळीच्या मालकीणबाईंचं मराठीत उत्तर आलं. ज्यांचा नवरा किंवा बायको आधीच तिथे कामावर आहे, किंवा जे तिथे शिकले आहेत, अशांनाच बहुतेक करून खुला परवाना मिळतो. आम्ही देतो म्हटलं तरी देता येत नाही. आणि खाली होतं, काका, तुम्ही कृपया फक्त त्यांच्या अनुभवाचं पत्र पाठवा. त्यातला 'फक्त' ठळक अक्षरांत होता.

त्याच मेलमधून कळलं की त्या दोघांना आधी तिकडे जाहिरात द्यावी लागली होती. हे काम करणारं माणूस देशात मिळत नाही हे मालकाने दाखवायचं, मग बाहेरून आणायचं, असा नियम. मेव्हणीला याचं फार हसू आलं. ती दोन दिवस येईल त्या पाहुण्याला सांगत होती की तिकडं पेपरात दिलंय, भाकऱ्या थापणारी मिळंल का म्हणून. कोणी आलं का हो, पाहुणे विचारायचे. एक जण आलेला, ती सांगायची, पण त्याला पिझ्झाच येत होता.

अनुभवाचं पत्र तयार झालं. रिसॉर्टच्या लेटरहेडवर दोन ओळी, की या बाई आमच्याकडे सात वर्षं स्वयंपाकीण म्हणून काम करतात. खाली मॅनेजरची सही, आणि चौकशीसाठी नंबर माझा, कारण मॅनेजर आठवड्याचे पाच दिवस फोन उचलत नाही. मालकीणबाईंनी कळवून ठेवलं की परवाना देणाऱ्या कचेरीतून फोन येऊ शकतो, त्यांना पत्रात आहे तेवढंच सांगा. बायकोने हे मला तीनदा बजावलं. सैपाकीण हाय, सात वर्षं झाली, बस. बाकी गप बसायचं. मी दुखावलो. मी परदेश खातं वीस वर्षं सांभाळलेला माणूस.

आता पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. गावातल्या मुलीला किंवा मुलाला स्थळ आलं की समोरची माणसं चौकशीला येतात. घरात नाही, टपरीवर, जीप स्टँडवर, गिरणीत. आणि ज्याला विचारतात त्याच्यावर अख्ख्या गावाची जबाबदारी येऊन पडते. बरी आहे, असं म्हणून चालत नाही. एकच गुण सांगूनही चालत नाही. स्वयंपाक चांगला करते म्हटलं की ते विचारात पडतात, बाकीचं जमत नसेल. म्हणून सगळंच सांगायचं. घरातलं करते, शेतातलं करते, शिवण येतं, गाडी येते. दुसरं, गरज आहे असं चुकूनही दाखवायचं नाही. नोकरी करत असेल तर हौस म्हणून करते. जमीन असेल त्याच्या तिप्पट सांगायची, कारण समोरचा तिचे तीन भाग करूनच ऐकत असतो. अशा साक्षी मी आजवर निदान वीस जणांसाठी दिल्या असतील. त्यातल्या काहींना मी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे संसार उत्तम चालले आहेत, आणि जिथे बिनसलं तिथे मला कोणी विचारलंच नव्हतं.

फोन आला तेव्हा मी कर्जतहून भाजी घेऊन जीपने परत येत होतो. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघे, माझ्या मांडीवर कोथिंबिरीचं पोतं, दोन्ही हात पोत्याला. शेजारच्याने माझ्या खिशातून फोन काढून स्पीकरवर टाकला आणि माझ्या तोंडासमोर धरला. पलीकडे एक बाई, फार गोड हिंदी. त्यांनी कुठल्या कचेरीतून बोलतेय ते सांगितलं, मेव्हणीचं नाव घेतलं आणि विचारलं, आप उनको कितने साल से जानते हैं?

अनोळखी, आदबशीर आवाज आणि हा प्रश्न. बायकोने बजावलेलं सगळं त्या क्षणी कोथिंबिरीखाली गेलं.

"मॅडम, जानता हूँ मतलब? घर की लडकी है," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, वो क्या काम करती हैं?

इथे एका शब्दाचं उत्तर होतं. "मॅडम, क्या नहीं करती ये पूछो."

जीपमधली बडबड बंद झाली. स्थळाची चौकशी चाललीय हे सगळ्यांनी ओळखलं. मी सुटलोच. खोल्या ती बघते, चादरी ती धुते, बाग ती बघते, पाहुण्यांचा फोन ती घेते, पाण्याचा पंप बिघडला तर दुरुस्त ती करते. पंपाबद्दल सांगायचं तर तिने एकदा रागाने त्याला लाथ मारली होती आणि तो सुरू झाला होता. ड्रायव्हरला राहवलं नाही. "मॅडम, टायर बी बदलती है. मैने देखा है." मागच्या सीटवर करवंदांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने मेव्हणीला जन्मात पाहिलं नसावं. ती पुढे वाकून फोनला म्हणाली, "लई गुणाची हाय, बाय. वर तोंड करून बोलायची नाय." कोणीतरी मागून मला कुजबुजत सुचवलं, निर्व्यसनी सांगा, निर्व्यसनी. मी तेही सांगितलं.

पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, अच्छा, तो खाना कौन बनाता है?

"खाना तो वो चुटकी में बना देती है. खाना कोई काम है क्या, मॅडम?"

मग त्यांनी सुट्टीचं विचारलं. मी म्हटलं, वर्षाला पंधरा दिवस लावणीला जाते, घरची सात एकर शेती आहे. शेती दोन एकर आहे. त्या पंधरा दिवसांत किचनमध्ये कोण असतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, की वॉचमन असतो. आणि शेवटी, न विचारता, मी कळस चढवला की तिला नोकरीची तशी काही गरज नाही, हौस म्हणून करते.

बाईंनी आभार मानले. जीपमध्ये सगळ्यांना बरं वाटलं. म्हातारीने मला ओंजळभर करवंदं दिली. "जमलं म्हनायचं," ड्रायव्हर म्हणाला.

घरी येऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सैपाकीण म्हनालात का?" मी आठवायला लागलो. जेवण झालं तरी आठवतच होतो.

दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. मेव्हणीचा ईमेल पत्ता नव्हता म्हणून अर्जात माझा दिला होता, त्यामुळे ते पहिलं माझ्याच पुढ्यात उघडलं. इंग्रजी अवघड होतं पण मतलब कळत होता. अर्जदार स्वयंपाकीण आहे असं अर्जात म्हटलंय. चौकशीत मात्र तिचं मुख्य काम खोल्यांची स्वच्छता, बागकाम, दूरध्वनी आणि यंत्रदुरुस्ती असल्याचं दिसतं. स्वयंपाक हे काम असल्याचं संबंधित गृहस्थ मानत नाहीत. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर अर्ज नामंजूर समजा. संबंधित गृहस्थ हा शब्द मी तीन वेळा वाचला. एक अख्खा दिवस मी ते पत्र कोणालाच दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने माझं जेवण बघितलं आणि म्हणाली, काय केलंत ते बोला.

मी किचनच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा मेव्हणीला बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता. ती उकडीचं पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, वाचा. मी मराठी करून वाचून दाखवलं. तिने विचारलं, तुमी फोनवर काय काय बोललात ते सगळं सांगा. मी पंपासकट सांगितलं. आता शिव्या बसणार म्हणून मी दाराच्या बाहेरच उभा होतो.

तिने पिठाला पाण्याचा हात लावला. मग म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं."

"काय बरोबर?"

"मी सैपाकीण कुटं हाय? पाचला उठून नाश्टा करते, मग खोल्या, मग जेवान, मग चादरी, मग झाडं, मग परत जेवान. मला वाटलेलं, कागदावर तरी एकच काम दिसंल." तिने पिठाचा गोळा झाकून ठेवला. "त्यासाटीच जायचं होतं मला, भावजी. एक काम करायचं नि हात धुऊन बसायचं."

मी म्हटलं, हे सगळं त्या मॅनेजरमुळे. माणसं कमी ठेवतो आणि तुझ्यावर टाकतो.

"मॅनेजर शनवारी येतो," ती म्हणाली. "चादरी सोमवारी धुतात. सोमवारी मला कोन सांगतं?"

मी खरंच आठवायला गेलो. सोमवारी रिसॉर्टवर वॉचमन असतो, ती असते आणि मी असतो. वॉचमनची तिच्याशी बोलायची हिंमत नाही. मग मला माझाच आवाज ऐकू आला, सात वर्षांच्या सगळ्या सोमवारी तोच. जरा चादरी बघतेस का गं. जरा फोन घे गं, मी नोंदी करतोय. झाडं सुकलीत बघ जरा. परक्या माणसाला सांगताना मी दहा वेळा विचार केला असता. तिला सांगताना केला नाही, कारण ती घरची.

"मी," मी म्हटलं.

"मग तेच लिवा त्यांना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कर्जतला गेलो, कोर्टाजवळ, जिथे प्रतिज्ञापत्रं टाइप करून मिळतात. टाइपिस्टने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, आधी दिलेली माहिती दुरुस्त करायची आहे. त्याने मान डोलावली. अशी माणसं त्याच्याकडे रोज येत असणार. पण मेव्हणी सांगायला लागली तसा तो टाइप करायचा थांबून आमच्याकडे बघायला लागला. अर्जदार पंप दुरुस्त करीत नाही. अर्जदाराने टायर बदललेला असल्यास तो नोकरीचा भाग म्हणून बदललेला नाही. अर्जदाराच्या कुटुंबाची जमीन दोन एकर असून सात एकर नाही. अर्जदाराला नोकरीची गरज आहे. जन्मभर ज्यांची स्तुती करत आलो त्यांच्यापैकी एकीची स्तुती मी शंभराच्या मुद्रांकावर एकेक करून मागे घेत होतो, आणि बायको शेजारी उभी राहून काही राहिलं तर आठवण करून देत होती.

मग शेवटचं कलम आलं. खोल्या, चादरी, बाग व दूरध्वनी ही कामे अर्जदाराच्या नेमणुकीत नसून ती मी तिला सांगत आलो. मेव्हणी म्हणाली, "नात्याचा गैरफायदा घेऊन, असं टाका मधे."

टाइपिस्टने माझ्याकडे बघितलं. "टाकू?"

मी म्हटलं, टाका. तिने त्याखाली रेघ मारायला सांगितली.

त्याच्यासोबत आम्ही खरे पुरावेही जोडले. सात वर्षांत कुठल्या दिवशी किती माणसांचं काय जेवण झालं, याच्या तिच्या हातच्या नोंदींच्या सहा वह्या निघाल्या. माझ्या स्टोअरच्या चिठ्ठ्यांवर रोज किती तांदळाचं पीठ किचनला गेलं ते होतं. मालकीणबाईंनी मोबाईलवर बघत तिच्याकडून पूर्ण जेवण करून घेतलं आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. सगळं पाठवून झाल्यावर मी विचारलं, आता आणखी काही करायचं का? ती म्हणाली, हो, सोमवार हाय.

त्या सोमवारपासून परवाना येईपर्यंत रिसॉर्टच्या चादरी मी धुतल्या. ती किचनच्या पायरीवर, काम आटपून, हात धुऊन बसायची आणि बघायची. तिने एकदाही मला मदत केली नाही, आणि एकदाही काही सांगितलं नाही, फक्त मी एक लाल टॉवेल पांढऱ्या चादरींत टाकला त्या दिवशी ती उठून आत जाऊन हसून आली. गुलाबी चादरींबद्दल एका पाहुण्याने मॅनेजरकडे तक्रार केली. मॅनेजरने मला फोन करून विचारलं, हे काम कोणाचं आहे? हा प्रश्न रिसॉर्टवर सात वर्षांत पहिल्यांदाच विचारला गेला होता. महिनाभरात खोल्यांसाठी कशेळ्याच्या दोन बाया कामावर आल्या.

परवाना आला. मालकाचं नाव, गावाचं नाव, आणि कामाच्या रकान्यात एकच शब्द. तिने मला तो मोठ्याने वाचायला लावला, मग नवऱ्याला, मग मुलीला फोनवर. लावणीच्या तोंडावर ती गेली. दोन एकरांची लावणी तिच्या नवऱ्याने आणि मी केली. ती कशी झाली ते मी इथे लिहीत नाही. भात जगलं एवढं खरं.

तिला तिकडे मंगळवारी सुट्टी असते. तिच्या सकाळी आमची संध्याकाळ होते, तेव्हा फोन येतो. पहिल्या मंगळवारी बायकोने फोन फळीवरच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसली. मेव्हणी पलंगावर पडलेली, गळ्यापर्यंत जाड पांघरूण, केस मोकळे. दिवस चांगला वर आलेला दिसत होता.

"काय करतेस गं?" बायकोने विचारलं.

"काय नाय."

"बरं वाटत नाय का?"

"बरी हाय. काय करत नाय, एवडंच."

"न्हाली नाय अजून?"

"न्हाईन."

या दोघी बहिणींना मी तीस वर्षं ओळखतो. दोघींपैकी एकीला तरी उजेडात आडवं पडलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटतं बायकोनेही पाहिलं नव्हतं. तिने काही विचारायचं म्हणून विचारलं, किती जणांचं जेवान असतं, मालकीण कशी हाय, थंडी किती हाय. मेव्हणी एकेका शब्दात उत्तर देत होती आणि मधेच डोळे मिटत होती. खानावळीत काल एका मुलाने तिला टेबलं पुसायला सांगितली, मालकीणबाईंनीच त्याला थांबवलं, एवढं मात्र तिने उशीवरून डोकं उचलून सांगितलं. मग परत पडली. बायकोने पदर सावरला, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

चहाची वेळ टळून गेली होती. मी जरा वाट बघितली. मग उठलो, गॅस पेटवला, पाणी ठेवलं, चहापत्तीचा डबा सापडला. साखर कुठे असते ते विचारायला बाहेर आलो.

बायकोने फोनवरची नजर काढली नाही. "स्टोअर तुमचं खातं," ती म्हणाली. "शोदा."